बोळे घातलेला माळा

इकडेतिकडे काय बघता? मान वर करा. कौलांच्या खाली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला टेंगूळ आणणारा तो मीच. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या एका घराचा माळा.

महादूने मला बांधलं ते त्याच्या वडिलांच्या मोडक्या होडीच्या फळ्यांनी. त्यामुळे मी जन्मतःच खारट आणि जरा तिरसट. माझ्यावर जाळी असायची, पावसाळ्यासाठी साठवलेले सुके बोंबील असायचे. पाहुणे नाक दाबायचे. दाबू देत, मला त्याचं काही वाटत नसे.

महादूची बायको सुंदराबाई पहाटे माझ्यावर येऊन बसायची. कौलांच्या फटींतून खाडीचा आवाज यायचा. प्रत्येक होडीच्या इंजिनाचा ठोका वेगळा. महादूचं इंजिन मध्येच उचकी द्यायचं. ती उचकी ऐकली की ही वरूनच ओरडायची, "आला गो, पाटी काढा!" आणि किनाऱ्याकडे धावायची. ती कधी चुकली नाही.

एका वर्षी महादू वादळी दिवसांत दर्यावर गेला तो परतलाच नाही. वादळ शमलं, बाकीच्या होड्या आल्या. त्याच्या होडीची ना फळी सापडली, ना तो. लोकांनी सुंदराबाईला समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि पहाटे पुन्हा वर यायची. मांडीवर त्याचं जुनं जाळं घेऊन विणत बसायची, कान फटीकडे. फार वाईट वाटायचं मला. पण खरं सांगू? मीही ऐकत असायचो.

मुलगा विकी मोठा झाला. अंधेरीत एसी दुरुस्तीच्या कामाला लागला, समीक्षाशी लग्न झालं. गेल्या मे महिन्यात मी तव्यासारखा तापलो होतो आणि सुंदराबाई चक्कर येऊन माझ्यावरच पडली. विकी घाबरला.

"आये, तू वर जायची थांबणार नाहीस ना? मग माळाच थंड करतो."

ती मनोरीला बहिणीकडे गेली, तेवढ्यात त्याने काम उरकलं. कौलांखाली चंदेरी कागद, मग ऊन आणि आवाज अडवणाऱ्या ग्लासवूलच्या जाड गाद्या, त्यावर प्लायवूड. फटीन् फट फोमने बुजवली. न उघडणारी जाड काचेची खिडकी, एसी, पलंग. बापाचं जाळं मात्र नीट घडी करून पलंगावर ठेवलं. पोरगा गुणी आहे हो. म्हणूनच तर त्याच्यावर रागावता येत नाही.

"झकास झालाय ना, आये?"

"लय ब्येस रं पोरा."

पहाटे ती जाळं घेऊन बसली. भिंतीला कान लावला. मग दुसऱ्या भिंतीला. एसी बंद करून पाहिला. काहीच नाही. माझ्या कानात बोळे घातलेले, मलाही काही ऐकू येत नव्हतं. खाली गल्लीत तर मोटारसायकली आणि पाण्याचे पंप, तिथून खाडी कुठली ऐकू यायला? लेकाने एवढ्या मायेने केलंय, म्हणून ती गप्प राहिली.

मग एक दिवस तिने जाळं विणायची बांबूची सुई काढली आणि कोपऱ्यातल्या फोममध्ये खुपसली. रोज थोडं थोडं कोरत राहिली. शेवटी करंगळीएवढं भोक पडलं आणि खाडी आत आली! तिने डोळे मिटले. मला तर रडूच आलं.

पण गार हवा कुठून तरी निसटतेय, हे विकीला लगेच कळलं.

"समीक्षा, उंदरांनी वाट लावली बघ!" म्हणत त्याने ते भोक सिमेंटने लिंपून टाकलं. सुंदराबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातातली सुई तिने पदराखाली घेतली.

"आता नाय येणार हां आये."

"नाय येणार," ती म्हणाली.

तेव्हापासून ती वर आलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते. जाळं अर्धवट गाठीसकट पलंगावर पडून आहे. मी गारेगार आहे आणि रिकामा आहे. आता एखादी होडी उचकी देत खाडीत शिरली, तरी या घरात कुणाला कळणार नाही.

विकी, लेकरा, एकदा आईच्या पदराखाली काय होतं ते विचार. ते भोक उंदराचं नव्हतं रे.