रेकॉर्डवर कोण वाजवतंय

माझी नात रॅप करते. म्हणजे भांडतेच, पण तालात. हा गुण कुणाकडून आला ते घरात कुणी विचारत नाही. तिचा जोडीदार रॉकवाला. केस माझ्यापेक्षा लांब, आणि गिटार अशी की शेजारचं कुत्रं पलंगाखाली जातं. दोघांनी मिळून गाणं केलं आणि त्याच्या मुळाशी घातलं आमच्या ह्यांचं पन्नास वर्षांपूर्वीचं ट्रम्पेट. हे जॅझच्या बँडमध्ये होते. जुन्या रेकॉर्डमधला चार सेकंदांचा तुकडा कापून तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्याला ही मुलं सॅम्पल म्हणतात.

त्या रेकॉर्डचा तोरा मी जन्मभर मिरवला. व्याह्यांना ऐकवली, डॉक्टरला ऐकवली, मीटर बघायला आलेल्यालाही सोडलं नाही.

परवा दोघं कागद घेऊन आली. "आजी, आजोबांच्या वतीनं सही कर. गाण्यावर त्यांचं नाव छापायचंय."

"आधी वाजवा," मी म्हटलं.

वाजवलं. ड्रम, गिटारचा गोंगाट, नातीच्या तोंडाचा पट्टा, आणि मध्ये ते ट्रम्पेट, चढताना किंचित थरथरणारं.

"हीच जागा आम्ही उचलली," गिटारवाला म्हणाला. "इथं आजोबा घाबरलेत, तरी चढतायत. असं ठरवून जमत नाही कुणाला."

वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, आमच्याकडेच राहतात. समोर मटार सोलत होत्या. त्यांची तीन बोटं परातीच्या काठावर दाबली जात होती, सुटत होती, ट्रम्पेटच्या कळांवर पडावीत तशी.

मी पेन घेतलं. शाळा दुसरीतच सुटलेली, सहीला वेळ लागतो. केली असती तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पहिलं अक्षर झालं आणि हात पुढे सरकेना.

रेकॉर्डिंगच्या सकाळी मी ह्यांच्या तोंडावर आमटीचा डाव फेकून मारला होता. कारण काय, तर आदल्या दिवशी उशिरा आले. ओठ फाटला. फाटक्या ओठानं ट्रम्पेट वाजत नाही. भावाचा सराव ऐकून ऐकून शिकलेल्या वन्सं त्यांच्या जागी गेल्या. रेकॉर्डवर नाव मात्र ह्यांचंच राहिलं. वन्सं हसत घरी परतल्या, तेव्हा मी ट्रम्पेट कपाटात कोंडलं आणि किल्ली कमरेला लावली. म्हटलं, "नवऱ्याची शोभा झाली तेवढी पुरे." त्यांनी परत कधी मागितलं नाही. हे गेल्यावरही मी किल्ली दिली नाही.

"नाव चुकलंय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले. "ह्यांनी नाही, वन्संनी वाजवलंय. ह्यांचा ओठ मी फोडला होता."

नात वळली. "आत्याआजी?"

"एकदाच गं," वन्सं म्हणाल्या. "आणि घाबरले होते, ते खरंय."

"मग आजी, तू इतकी वर्षं लोकांना..."

एरवी मी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. आज थांबले, तर तिनंच ते अर्ध्यावर सोडलं. ते जास्त लागलं.

गिटारवाल्यानं नाव खोडून वन्संचं लिहिलं. वन्संनी हात पुसून सही केली. नातीनं गाणं परत लावलं. मी मटारच्या टरफलांची परात उचलून आत निघाले. तोंड लपवायला काहीतरी काम हवं होतं.

"बसा वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पन्नास वर्षं लोकांना ऐकवलंत. आज नुसतं ऐका."

बसले. परात मांडीवर तशीच. मान काही वर झाली नाही.