या नावाचं इथे कोणी नाही

मी भिंग आहे. पितळी कड्याचं, घडी केली की मुठीत मावणारं. दहापट मोठं बघायची सवय लागली की माणसांवर विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हिंगणघाटच्या एका कॉलेजात नत्थूजी प्रयोगशाळेत शिपाई होते. जन्मभर दुसऱ्यांची भिंगं पुसली. त्यांची पोरगी ज्योत्स्ना कीटकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली, तेव्हा त्यांनी मला विकत आणून तिच्या हातात ठेवलं. म्हणाले, "हे तुह्यं. कोणाले देजो नको."

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मांडवात नवऱ्याने, वैभवने, ताटातल्या तांदळात अंगठीने 'मंजुषा' लिहिलं. बायका हसल्या. तिला कोणी विचारलं नव्हतं. पदवीवर मात्र ज्योत्स्नाच राहिली.

सासर जाम गावचं. सासरे मनोहरराव यांचं हायवेवर बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, मागे तीन एकर कपाशी. तिने मला काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्रासोबत गळ्यात घातलं. पदराखाली असल्यामुळे मी कोणाला दिसलो नाही, पण ऐकलं सगळं.

दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली, तिची तान्ही पोरगी झोपली की ती वावरात जायची. वीस झाडं, झाडाची तीन पानं: वरचं, मधलं, खालचं. पान उलटवून मला डोळ्याशी धरायची आणि पानाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या माश्या मोजायची. ढालकिडे वेगळे मोजायची, कारण ते माश्यांना खातात. वहीत रोज तारीख टाकायची. दोन हंगामांत कळलं ते असं: औषध मारलं की आधी ढालकिडे मरतात, आणि महिनाभरात माश्या पहिल्यापेक्षा जास्त होतात.

आणि हे कळलं होतं औषध विकणाऱ्याच्याच घरात.

"सुनबाई, भर उन्हात वावरात काऊन जाऊन राह्यली?" मनोहररावांनी विचारलं.

"किडे मोजते, बाबा."

"मोजून काय त्याइले मतदानाले नेतं?"

वैभव हसला. बापाच्या विनोदाला तो नेहमीच हसायचा. पण दुसऱ्या दिवसापासून मनोहरराव दुकानाच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. ती वावरात कोणाला भेटते, हे बघत. मीही त्यांना बघत होतो.

शहाण्णवमध्ये नागपूरच्या एका संशोधन केंद्रात किडींच्या नोंदी घ्यायला माणूस हवा होता. तिने दोन हंगामांचे आकडे उतरवून पाठवले. अर्जावर पदवीवरचंच नाव घातलं, ज्योत्स्ना वैरागडे. खाली पत्ता दुकानाचा. पोस्टमन गावभरचं टपाल तिथेच टाकायचा.

उत्तर आलं नाही. आठ महिने गेले. तिचा संशय केंद्राच्या साहेबावर होता. माझाही. आकडे ढापले असतील, स्वतःच्या नावाने छापले असतील, झालं. तिने तरी मोजणं सोडलं नाही. फक्त वह्या आता ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवायला लागली.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर दुकानासमोर नागपूरच्या त्या केंद्राची जीप थांबली. ती चहा घेऊन मधल्या दाराशी आली होती. साहेब विचारत होते, "ज्योत्स्ना वैरागडे इथेच राहतात का?"

"नाई बा. या नावाचं इथं कोणी नाई," मनोहरराव म्हणाले.

"तीन पत्रं पाठवली मी त्यांना नोकरीची. तिन्ही हाच शेरा मारून परत आली."

मी तिच्या छातीवर होतो, आतलं मला सांगावं लागत नाही.

ती पुढे आली. "ज्योत्स्ना मीच, सर."

मनोहररावांना घाम फुटला म्हणावं, तर तेही नाही. "खोटं काय बोललो म्या?" ते म्हणाले. "आमच्या घरात तं मंजुषा हाय. साऱ्या गावापुढं लिहिलं नाव."

वैभव म्हणाला, "बाबाचं बी बरोबर हाय."

साहेब चपापले. जागा केव्हाच भरली, म्हणाले. पण तुमच्या नोंदी फार कामाच्या, आजवरच्या सगळ्या वह्या द्या, पुस्तिका छापतोय.

"नाव माझं छापाल?"

"आभारात नक्की घालू."

साहेबाबद्दल चुकलो होतो, असं मला दोन मिनिटं वाटलं होतं. ती दोन मिनिटं मी परत घेतो.

मनोहररावांना मात्र आता पाहुण्यापुढे मोठेपणा सुचला. "देऊन टाक, सुनबाई. साहेब दारी आले."

तिने चहाचा ट्रे खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "वह्या ज्योत्स्नाच्या हायेत, बाबा. ती तं इथं राहतच नाई. कोणाजवळून घेऊन देऊ?"

जीप रिकामी गेली. चहा कोणी प्यायला नाही.

आता दोन हजार सात चालू आहे. पुस्तिका दुसऱ्या कुठल्या तरी आकड्यांवर निघाली. तिला नोकरी लागली नाही, शाळेतसुद्धा नाही. माझ्या काचेवर ओरखडा आहे, बिजागरी ढिली झालीय. पण वही अकरावी चालू आहे आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर ती एकच नाव लिहिते, बापाने ठेवलेलं.

तुमच्या घरात कोणी शिकून आलेली सून, काकू, आई असेल, तर तिचं टपाल कुठे गेलं ते घरच्या मोठ्यांना विचारा. ते लगेच उत्तर देतील. त्यावर विश्वास ठेवू नका. मग तिला विचारा, आणि बसून पूर्ण ऐका.