लेलँडने चढवलेली चकाकी

मित्रांनो, मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. बघणाऱ्याला मात्र मी नवाकोरा दिसतो, आणि हेच माझं दुखणं आहे.

नेब्रास्कातल्या एका लहान गावात एमिल कुबाट धान्याच्या कोठारावर पहारा करायचा. मी त्याच्या कमरेला असायचो. एकतीस वर्षांत त्याने मला एकदाही माणसावर रोखलं नाही, आणि त्यातच आम्हा दोघांची इज्जत होती. कातडी म्यानात जाऊन-येऊन माझ्या नळीचा निळा मुलामा टोकाशी उडाला. नळीवर कारखान्याची बारीक अक्षरं होती. कंटाळा आला की एमिल ती नखाने चाचपत बसायचा.

त्याच्या साठीला त्याच्या मुलाने, लेलँडने, मला गुपचूप उचललं. लेलँड तेव्हा ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा. तिथल्या पॉलिशच्या चाकावर त्याने मला आठवडाभर घासलं आणि नवा मुलामा चढवला. त्याची माया खोटी नव्हती, मित्रांनो. पण माझ्या कडा गोल झाल्या, अक्षरं बुजली. जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांत याहून मोठं पाप नाही.

एमिलने खोका उघडला. त्याचं नख माझ्या नळीवर अक्षरं शोधत फिरलं.

"अरे वा," तो मग म्हणाला. "मी तर ओळखलंच नाही."

लेलँड आनंदाने फुलून गेला.

दुसऱ्याच दिवशी एमिल मला घेऊन गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानदाराची मुलगी वेल्मा तिथे होती.

"हे पहिल्यासारखं होईल का गं?"

"नाही एमिलकाका. गेलं ते गेलं."

"मग एक कर. पोराला यातलं काही कळू देऊ नकोस."

वेल्माने चाळीस वर्षं शब्द पाळला. एमिल वारला, मी लेलँडकडे आलो. उतारवयात त्याला जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायचा नाद लागला. संग्रह कसला, मी एकटाच. दुसरं निवडायला तो गेल्या शनिवारी वेल्माच्या दुकानात आला आणि मलाही बरोबर घेऊन आला. का, ते मला वाटेत कळलं नाही.

वेल्माने दोन रिव्हॉल्व्हरं समोर ठेवली. गोळ्यांची चक्रं उघडून ती रिकामी असल्याचं दाखवलं, तरी लेलँडने पुन्हा स्वतः पाहिलं. आम्हा बंदुकांच्या जगात असं पुन्हा तपासण्यात कुणाचा अपमान होत नाही. एक रुपेरी आणि झगझगीत होतं. दुसरं विटलेलं, ओरखडे पडलेलं, पण त्याला कुणीही पॉलिशचा हात लावलेला नव्हता. लेलँडने ते विटलेलं उजेडात धरलं आणि खाली ठेवलंच नाही.

"हे हवंय मला. बदल्यात हे घे," असं म्हणून त्याने माझं चक्र उघडून मला पुढे सरकवलं. माझं काळीज तुटलं.

"बापाचं आहे ना ते?" वेल्मा म्हणाली.

"म्हणूनच नको झालंय. कप्पा उघडला की लाज वाटते. किती घासलंय बघ. तेव्हा अक्कल नव्हती मला. नशीब, बाबांना कळलं नाही."

वेल्मा बराच वेळ हात पुसत राहिली.

"कळलं होतं रे," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी इथे आले होते. पहिल्यासारखं होईल का विचारत होते. आणि तुला सांगू नकोस म्हणाले."

लेलँड स्टुलावर बसला.

"मग मरेपर्यंत सगळ्यांना दाखवत का फिरले?"

"पोराने केलंय म्हणून. दर वेळी तेवढंच म्हणायचे."

लेलँडने माझं चक्र दोन्ही हातांनी हळूच बंद केलं आणि मला फडक्यात गुंडाळलं.

"मग हे विटलेलं?" वेल्माने विचारलं.

"निवडलंय मी तेच. पैसे जमले की येईन. आधी कुणी मागितलं तर देऊन टाक, फक्त त्याला म्हणावं, घासू नकोस."

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं करायला निघण्याआधी तिच्या धन्याला एकदा विचारा. आणि विचारायचं राहूनच गेलं, तर निदान ती वस्तू टाकू नका.

लेलँड आता आल्या-गेल्याला मला दाखवतो. कुणी काही विचारायच्या आत स्वतःच सांगतो, "मी बिघडवलंय हे. बाबांना माहीत होतं."