पावण्याला उठा म्हणायचं कसं?

मी हंबीरराव बोलतोय. गाव गडमुडशिंगी, जिल्हा कोल्हापूर. कमरेखालचं काय विचारू नका, तिथं नुसती धोतराची झालर हाय. आत हात घालायला जागा पायजे ना. हातात घालायचा बाहुला हाय मी, पण चार आठवडे टीव्हीवर व्हतो, हे ध्यानात ठेवा.

मला केलं मीरासाबनं. गाद्या शिवणारा माणूस. कागदाच्या लगद्याचं डोकं, आत गादीचा उरलेला कापूस, आणि मिशा घोंगड्याच्या लोकरीच्या. मिशा चिकटवून त्यानं मला उजेडात धरलं नि म्हणाला, "लई रुबाबदार झालास की रं." माझी जोडीदारीण बनाबाई त्याच्या बायकोनं, नजीरानं शिवली. तिचं नाक जरा वाकडं हाय, पण तिच्यासमोर ते बोलायची टाप न्हाय आपली.

मीरासाबची आई अमीरबी मात्र बिथरली. चांगला गादीचा धंदा टाकून पोरगं बाहुल्या नाचवतंय म्हणून तिनं त्याच्याशी अबोला धरला. एकाच घरात ऱ्हायची, भाकरी वाढायची, पर शब्द न्हाय. काय सांगायचं झालं तर भिंतीकडं बघून नजीराला सांगायची. मीरासाब वरवर हसायचा. पण माझ्या आत त्याचा हात असायचा. आई पुढनं गेली की त्याची बोटं गार पडायची, ते मलाच ठावं.

एका जत्रंत टीव्हीच्या साहेबांनी आमचा खेळ बघितला आणि आम्हाला मुंबईला बोलावलं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असंल. कार्यक्रमाचं नाव 'पावणं आलं'. कोण गायचं, कोण वाजवायचं, कोण नकला करायचं, आणि मी नि बनाबाई त्यांचं स्वागत करायचो. समदं थेट. तिथं बोललं की त्याच घडीला घरोघर दिसायचं. गावात एकच टीव्ही, धोंडुबाईच्या सोप्यात. निम्मं गाव तिथं गोळा व्हायचं. अमीरबी तेवढी जात न्हवती.

आता आमचं चुकलं कुठं, ते ऐका. आमच्याकडं पावणं आलं की "बसा की", "च्या घ्या की", "एवढ्यात कुठं निघालासा" असंच चालतं. पावण्याला उठा म्हणत न्हाईत. कॅमेऱ्यामागनं साहेब हात फिरवून 'आवरा, आवरा' करायचे, नि मी पावण्याला म्हणायचो, "आणखी एक होऊ द्या की." तीन आठवडे बातम्यांना उशीर झाला. बातम्या सांगणाऱ्या बाई पावडर लावून तयार, आणि इकडं पेटीवाला तिसरं गाणं म्हणतोय.

आमचे साहेब भले, पण त्यांच्या वरबी साहेब व्हते. निरोप आला, "पुन्हा उशीर झाला तर कार्यक्रम बंद." मीरासाबनं मान डोलावली. हा कार्यक्रम टिकला, नाव झालं, तर आई कवातरी बोलंल, एवढ्याच आशेवर त्याचं समदं चाललं व्हतं.

चौथ्या आठवड्यात गैबीचाचा आला. शाहूवाडीच्या डोंगरातला म्हातारा, पाखरांचे आवाज काढायचा. एसटीत उलट्या करत आलता बिचारा. आधीच्या गाणाऱ्या बाईंनीच वेळ खाल्ला, आणि चाचाची पाळी आली तवा मिनिटभर उरलं व्हतं. चाचाच्या तोंडाला कोरड पडली, आवाज फुटंना. साहेब हात हलवून हलवून दमले. शेजारी बनाबाईत हात घालून बसलेली नजीरा कुजबुजली, "आटपा." मी तिथंच निरोपाचा नमस्कार केला असता, तर कार्यक्रम वाचला असता.

मीरासाबनं माझी मान साहेबांकडनं चाचाकडं वळवली. आणि मी म्हणालो, "चाचा, आधी पाणी प्या. घाई कुणाला हाय?"

चाचा पाणी प्याला. मग कोकीळ झाली, टिटवी झाली, मोर झाला. बातम्यावाल्या बाईसुद्धा दारात येऊन ऐकत ऱ्हायल्या. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम बंद झाला.

परत येताना मी नि बनाबाई पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी मीरासाबच्या मांडीवर. घरी येऊन तो खाली मान घालून बसला. अमीरबी चुलीपासनं उठली. पेटी उघडून तिनं मला उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि हात आत घातला. बोटं कुठं घालायची कळंना तिला. माझी मान कलली, एक हात लुळा पडला. तसंच मला पोराच्या तोंडापुढं धरून, आवाज घोगरा करून बोलली, "मीरासाब, धोंडुबाईच्या खिडकीतनं बघितलं म्या. म्हाताऱ्याला उठवलं न्हाईस. माझंच पोरगं हाईस. जेव आता."

मीरासाब जेवला कुठला, रडतच बसला.

आता तो गाद्याबी शिवतो आणि जत्रंत आम्हाला नाचवतोबी. माझी एक मिशी कसरीनं खाल्लीय, रुबाब तेवढाच हाय. मध्यंतरी शहरातनं एक पावणं आलं, मला काचेच्या कपाटात ठेवतो म्हणालं. त्याला च्या पाजला, जेवाय घातलं, पर मला दिलं न्हाय. कपाटात बसून मी काय बोलणार, मंडळी? मला माणसाचा हात लागतो. तुमच्या घरात कोण कुणाशी बोलत नसंल, तर मला घेऊन जावा. हात घाला आणि काय म्हणायचं ते म्हणा. कुणी विचारलं, तर हंबीरराव बोलला म्हणून सांगा.