हाताच्या कष्टाचं अळू

प्रेमलाच्या वाफ्यातल्या अळूला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि तिचं डोकं फिरलं ते तिथूनच.

एरवी कोथरूडच्या त्या सोसायटीत गच्चीवरची भाजी म्हणजे लुटीचा माल. कोथिंबीर जरा वर आली की कुणाच्या तरी पोह्यांवर जाऊन पडायची. प्रेमलाच्या वाफ्यातली तर हक्कानं, न विचारता. आज ऋषिपंचमी होती. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, माणसानं हातानं पिकवलेलंच चालतं. म्हणून यंदा बायकांनी गच्चीवरच्या लाकडी वाफ्यांतलीच भाजी एकत्र शिजवायचं ठरवलं होतं. बाकीचे वाफे सकाळीच ओरबाडून झाले होते. अळू एकट्या प्रेमलाकडेच होतं, आणि ते जसंच्या तसं डुलत उभं होतं.

प्रेमला हे व्रत करत नव्हती. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हाच घरातली व्रतवैकल्यं उंबऱ्याबाहेर गेली होती, आणि तिला त्याचा अभिमान होता. पण शेजारधर्म म्हणून तिनं आपणहून सांगितलं होतं, अळू माझ्याकडचं न्या. सोसायटीच्या सेक्रेटरी कुसुमताई तेव्हा तोंडभर हसून "हो तर!" म्हणाल्या होत्या.

त्याच कुसुमताई आता गच्चीच्या नळाखाली अळू धूत होत्या. पिशवीतून काढलेलं, मान टाकलेलं अळू.

"हे कुठलं?" प्रेमलानं विचारलं.

"मंडईतलं. ह्यांनी पहाटे आणलं."

"मंडईतलं चालतं? बैलाबिलाचं?"

"अहो, आता बैल राहिलेत कुठे? ट्रॅक्टर असतात." कुसुमताईंनी पानं पुसून आपल्या वाफ्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या ताटात रचली. "आणि तुमच्यात नसतं ना हे. शिवाय सोवळ्यातला स्वयंपाक. गैरसमज नका करून घेऊ हं, प्रेमलाताई."

प्रेमलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर आपली कोथिंबीर यांच्या घशाखाली उतरली ती कोणत्या सोवळ्यात? आणि हे वाफे तरी आले कुठून? मुलाच्या, धम्मदीपच्या आयटी कंपनीत संगणकांची मोठाली लाकडी खोकी भंगारात निघाली होती. तिच्या नवऱ्यानं, रतननं, उभा जन्म खडकीच्या कारखान्यात सुतारकाम केलेलं. त्यानं ती खोकी उसकटली, फळ्यांना रंधा मारला आणि साऱ्या गच्चीला पेट्या करून दिल्या. फुकट. मातीची पोती खांद्यावरून जिन्यानं वर आणली, कारण लिफ्टमधून माती न्यायची नाही, हा कुसुमताईंचाच नियम.

रतन कठड्याशी दोडक्याचा वेल बांधत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "राहू दे," तो हळूच म्हणाला.

या 'राहू दे'चा तर तिला जास्तच संताप यायचा. तरातरा घरी जाऊन ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली आणि कुसुमताईंच्या वाफ्यापाशी फतकल मारून बसली.

"अहो, हे काय करताय?"

"हाताच्या कष्टाचं हवं ना तुम्हाला? या फळी न फळीला ह्यांचा हात लागलाय. आतली मातीसुद्धा ह्यांच्याच खांद्यावरून आलीय. मग त्यातली तुमची भेंडी सोवळ्यात कशी बसली?"

"अहो, पण माझी झाडं!"

"झाडं तुमचीच. न्या. फळ्या आमच्या."

पहिला स्क्रू निघाला. दुसराही. फळी पोटातून फुगली. तिसरा मात्र हलेना. जोर लावताना हात सटकला, बोटाचं सालटं निघालं आणि प्रेमलाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

"बघा बाई, लागलं ना," कुसुमताई म्हणाल्या. "सोडा आता."

रतननं हातातली सुतळी खाली ठेवली. तो येऊन शेजारी बसला. आता हा पुन्हा 'राहू दे' म्हणणार, म्हणून प्रेमलानं दात आवळले. पण त्यानं तिच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"तिरका गेलाय हा," तो म्हणाला. "मीच घाईत बसवला होता. सरक."

त्यानं अंगाचा भार टाकून पीळ दिला. फळी सुटली, आणि आतली सगळी काळी माती घसरत जाऊन कुसुमताईंच्या धुतलेल्या अळूवर पसरली.