वसुधाचा विषय

फोन आला तेव्हा गुरुदत्त जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता. फिल्म संग्रहात काम करता करता त्याची बायको वसुधा खुर्चीवरून कोसळली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. वय चौतीस. मार्च २००६.

चौथ्या दिवशी मराठी मंडळाचे अध्यक्ष जयंतराव घरी आले. शोकसभेसाठी माहिती हवी होती.

"वहिनींची पीएचडी नेमकी कशावर?"

"जुन्या मूकपटांवर."

"म्हणजे पौराणिक वगैरे ना?"

गुरुदत्तने मान हलवली. पुण्याला आईलाही चार वर्षं त्याने हेच सांगितलं होतं. खरं तर सिनेमाने जन्मताच बाईला कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवायला लावलं, आणि ती रिळं सभ्य गृहस्थांनी खास बैठकांत सिगार ओढत पाहिली, हा वसुधाचा विषय. "प्रबंध झाला की आईंना तूच सांगायचं," असं तिने बजावलं होतं. तो हो म्हणाला होता.

शोकसभेत जयंतराव रंगात आले. "परदेशात राहून वहिनींनी आपल्या देवादिकांच्या चित्रपटांचा ध्यास घेतला!" पुढच्या रांगेत मंडळातल्या सुधाकाकूंनी डोळे पुसले. उठून बोलावं असं गुरुदत्तला वाटलं. तो उठला नाही.

"आता दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली," जयंतराव म्हणाले.

सगळे उभे राहिले. वसुधाच्या जर्मन प्रोफेसर लिंडनरबाईंना मराठी येत नव्हतं; जयंतरावांनी त्यांना एवढंच सांगितलेलं होतं, की भाषण संपलं की वसुधाच्या अभ्यासातली एक फिल्म लावायची. भाषण संपलं होतं. त्यांनी दिवे घालवले आणि प्रोजेक्टर सुरू केला.

पडद्यावर एक गुबगुबीत बाई आली. तिने टोपी काढली, हातमोजे काढले, मग पायमोजे. समोर साठ माणसं हात जोडून उभी. माना खाली, डोळे वर. दोन मिनिटं कधीच उलटली होती; पण 'बसा' म्हणायचं काम जयंतरावांचं, आणि ते पडद्याकडे बघत होते. बाई टबात उतरली तेव्हा कुठे दिवे लागले आणि सगळे खाली बसले.

लिंडनरबाई पुढे येऊन जर्मनमध्ये म्हणाल्या, "तीस वर्षं मी या फिल्म दाखवते आहे. उभं राहून आदर देणारा प्रेक्षक पहिल्यांदाच पाहिला."

"ही कुठली देवी म्हणायची, अहो जयंतराव?" सुधाकाकूंनी विचारलं.

"चुकून भलतीच फिल्म लागली, काकू! या जर्मन लोकांचा गोंधळ. वहिनी असलं कशाला बघतील?"

तेव्हा मात्र गुरुदत्त उठला. "फिल्म बरोबर आहे. वसुधा यावरच काम करत होती. देवादिकांचं मी खोटं सांगितलं. तिला तिच्या विषयाची लाज नव्हती. मला होती."



"मंडळाच्या अंकात हे कसं छापायचं?" जयंतराव पुटपुटले.

"आत्ता बोललो तसं."

संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन आला. "चांगलं बोलले ना रे लोक तिच्याबद्दल?"

"बोलले."

"देवांच्या सिनेमांचं सांगितलंस ना सगळ्यांना?"

गुरुदत्तने तोंड उघडलं. तेवढ्यात आई रडायला लागली, आणि तो तिची समजूत घालत बसला.

आईला सांगायचं अजून राहिलं आहे.