सुरईला कळतं कोण लायक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर सुरईबाबा तांदळाने भरलेल्या पितळी सुरईत लाकडी दांडी खुपसत होते आणि समोर निवडणुकीला उभा राहिलेला ठेकेदार हात जोडून उभा होता.

"हे सुरईमाते! याच्या पोटात पाप असेल तर हलू नकोस! याच्या मनात मळ असेल तर हलू नकोस! याच्या सात पिढ्यांत..." एकेका वाक्याला दांडी खाली, वर, पुन्हा खाली. ठेकेदाराच्या पिढ्या संपता संपेनात. शेवटी बाबांनी दांडी उचलली आणि तिला चिकटून अख्खी सुरई हवेत आली!

"ठेकेदार लायक!" सभागृह गरजलं.

मागच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई कपाळाला हात लावून बसल्या. दर निवडणुकीआधी नगरसेवकपदाच्या उमेदवारांना इथे बसवून लोक प्रश्न विचारायचे, भल्याभल्यांना घाम फोडायचे. यंदा बाबा आले, तेही ठेकेदाराच्याच गाडीतून, आणि सभा भरवणाऱ्या मंडळाच्या सचिवांनी जाहीर केलं, "उमेदवार खोटं बोलेल, सुरई बोलणार नाही." लोकांना पटलं. प्रश्न शोधायचा त्रास वाचला, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

आता पाळी बाईंच्या नणंदेची. दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून ती उभी राहिली होती. सुरई हलली नाही तर इथलं एकही मत मिळणार नव्हतं.

बाबांनी तांदूळ परातीत ओतून "शुद्ध" केले, पुन्हा सुरईत भरले. "माते, बघ हिच्याकडे!" दोनदा दांडी खुपसली, उचलली. नुसती दांडीच वर आली.

"अरेरे!"

नणंदेचा चेहरा उतरला. बाईंच्या शेजारी बसलेल्या सासूबाई कुजबुजल्या, "सूनबाई, आपल्याच पोरीत काहीतरी खोट असेल गं."

"असेलही. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहतेय, मला नवल नाही. पण ती तांदळाला कशी कळली?"

बाई उठल्या. जाता जाता कोपऱ्यातली गळकी बादली उचलून त्यांनी व्यासपीठावर ठेवली.

"बाबा, ही पण उभी आहे."

"थट्टा नको! माता कोपेल!"

"कोपू दे. बादलीला सवय आहे." बाईंनी तांदूळ ओतले, शुद्ध केले, भरले आणि दांडी हातात घेतली. "हे सुरईमाते! ही गळते, पण लपवून गळत नाही! हिला कडी नाही, पण कुणाकडे मागायला गेली नाही! हिच्या सात पिढ्या मोरीतच गेल्या!" एकेका वाक्याला दांडी खाली, वर, खाली. मग उचलली. सुरई हवेत!

मग मागून कुणीतरी ओरडलं, "बादली लायक!" आणि हशा उसळला.

"यात माता नाही, मंत्र नाही," बाई म्हणाल्या. "ओतलेले तांदूळ सैल असतात. दांडी खुपसत राहिलं की दाणे दाटतात. गळा अरुंद, वर सरकायला वाव नाही, मग ते दांडीलाच आवळून धरतात. ज्याला निवडायचं त्याची प्रार्थना लांबलचक, ज्याला पाडायचं त्याची तोकडी."

बाबा परात आवरू लागले. ठेकेदार तणतणला, "म्हणजे मी नालायक?"

"छे! तुम्ही बादलीच्या तोडीचे आहात, एवढंच सिद्ध झालं."

"मग नर्सताईच लायक!" कुणीतरी आरोळी ठोकली. टाळ्या सुरू झाल्या. नणंद हसून हात जोडणार, तोच बाई म्हणाल्या, "तेही सिद्ध झालेलं नाही. वन्सं, बसा खुर्चीवर."

"वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"मत देणाऱ्यांच्या. लोकहो, चमत्काराला मत देऊ नका. यांनी आजवर काय केलं, पुढे काय करणार, कसं करणार, ते विचारा. पटलं नाही तर पुन्हा विचारा. त्याला फक्त तोंड लागतं, आणि ते देवाने सगळ्यांना दिलंय असं तुम्हीच म्हणता."

पहिला हात वर झाला तो सासूबाईंचा.

"तू माझा फोन कधी उचलत नाहीस. लोकांचा उचलशील?"

नणंद लाजली. "आई, तू रोज एकच विचारतेस, जेवलीस का म्हणून."

"तेही रोज एकच विचारतील, पाणी कधी येणार म्हणून."

नणंद लोकांकडे वळली.

"उचलीन," ती म्हणाली. "नाही उचलला तर घरी येऊन भांडा. पत्ता आई देईल."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, हात वर झाले, एकदम बरेच. तेवढ्यात दाराशी पोचलेल्या ठेकेदाराला कुणीतरी हटकलं, "निघालात कुठे? यांच्यानंतर तुम्हीच!"